रविवारची ठोकाठोक

तुम्ही आमच्या ताटात हात घातलात. वर सरकारात खुर्च्या उबवत बसता, जन्मात कधी कांदा चिरला नाहीत, आणि रेडिओवरून फर्मान सोडता की डुक्कर नसेल तर पावाच्या चुऱ्यात तळलेल्या कापाला शाबोवी म्हणायचं नाही, चरबीत परतलं नसेल तर तो पोलिश स्वयंपाकच नव्हे. कोबी, अळंबी, शेपू, बटाटा हे काय विमानातून उतरलं का? तुमचं बोलून होतं. इकडे आमच्या वोम्झा शहरात तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी आईच्या घरी येते, आईच्या टेबलाशी बसते आणि सोबत आणलेल्या प्लास्टिकच्या डब्यातलं खाते. ते बघायला तुम्ही येत नाही.

त्या आईला, लुत्सिनाला, मुलीनं मांस सोडल्याचं दुःख नव्हतं. यागोदानं पुढे दूध-अंडीही सोडली, तेही तिनं पचवलं. खुपत होता तो डबा. मुलगी ग्दान्स्कहून यायची, गळ्यात पडायची, आणि जेवायला बसलं की झाकण टक्क करून उघडायचं. त्या टक्क आवाजानं लुत्सिनाच्या घशाखाली घास उतरत नसे.

डब्याला कारणही तिनंच दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिनं शपथेवर सांगितलं होतं की कोबीत मांस नाही. नव्हतंच. चमचाभर डुकराची चरबी तेवढी होती, चवीपुरती. "चरबी म्हणजे काय मांस झालं?" असं ती खरोखर गोंधळून म्हणाली होती. वोम्झ्यातल्या कुठल्याही बाईनं हेच म्हटलं असतं. यागोदा भांडली नाही. पुढच्या वेळी डबा घेऊन आली.

या रविवारी तो डबा उघडू द्यायचा नाही, असं लुत्सिनानं मनाशी पक्कं केलं होतं.

तयारी सोपी नव्हती. पिएरोगी म्हणजे आमच्या उकडलेल्या करंज्या, त्यात बटाट्याबरोबर आंबट पनीर लागतं. पनीराऐवजी तिनं टोफू घातला तर सारण भिजल्या खडूसारखं लागलं. झेनॉननं, तिच्या नवऱ्यानं, एक खाल्ली आणि विचारलं, "भिंत लिंपायची राहिलीय का कुठली?" पुढच्या खेपेला तिनं टोफू कुस्करून आंबवलेल्या कोबीच्या पाण्यात रात्रभर मुरवला आणि भरपूर कांदा लालबुंद करून त्यात घातला. तेव्हा झेनॉन नुसता खात सुटला. काकडीच्या कोशिंबिरीवरच्या सायीसाठी तिनं सूर्यफुलाच्या बिया भिजवून लिंबू पिळून वाटल्या. आणि शाबोवीसाठी धिंगरी अळंबी आणली, चांगली तळहाताएवढी.

रविवारी चर्चहून आल्यावर आमच्या इमारतींत एकच आवाज असतो. प्रत्येक स्वयंपाकघरात डुकराच्या मांसाचे काप लाकडी हातोड्यानं बडवत असतात. धाड धाड धाड. भिंती पातळ, त्यामुळे कोणाकडे किती काप पडले हे सगळ्यांना कळतं.

"ऐकतेस?" झेनॉन भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला. पंचवीस वर्षं बस चालवलेला माणूस, पण आज जागच्या जागी घिरट्या घालत होता. "गेनोव्हेफाबाई सुरू झाल्या. वरचे कधीचेच झाले. आपल्याकडे शुकशुकाट. लोकांना वाटेल घरात कोणी गेलं."

"वाटू दे."

"म्हणतील, झेनॉनला बायकोनं चाऱ्यावर ठेवलंय."

"अळंबीला हातोडा मारला तर तिचा लगदा होईल. तुला एवढी लाज वाटत असेल तर तूच ठोक काहीतरी."

तिनं रागात म्हटलं आणि त्यानं खरंच हातोडा काढला. रिकाम्या पाटावर, समोर काही नसताना, तो धाड धाड बडवू लागला. शेजारून गेनोव्हेफाबाईंचा आवाज आला, "अहो झेनॉन, पलटण येणार आहे का जेवायला?"

"मुलगी येतेय!" तो भिंतीला ओरडून म्हणाला, आणि छाती फुगवून त्यानं आणखी चार घाव घातले. लुत्सिना चुलीशी उभी राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

तिनं अळंबी हरभऱ्याच्या सरबरीत पिठात बुडवली, पावाच्या चुऱ्यात घोळवली आणि कढईत सोडली. सोनेरी रंग आला. बिगोस, म्हणजे आंबवलेल्या कोबीचा रटरटणारा पदार्थ, कालपासून शिजत होता. त्यात वाळकी अळंबी आणि धुरी दिलेले आलुबुखार. शेवटचं मीठ बघायला तिनं पळी तोंडाला लावली आणि थबकली.

फार छान लागला. नको तेवढा छान.

तिनं पळी तळापर्यंत घातली. वर आला बेकनचा तुकडा, सालीसकट.

"झेनॉन!"

तो दारात आला, पण आत येईना. "भांड्याची दया आली गं," तो म्हणाला. "एवढा कोबी, एकटाच शिजतोय बिचारा."

"पोरीला फसवणार होतास?"

"फसवायचं कसलं? चवीनं खाल्ला असता तिनं. तुझा डाव साधला असता. तुकडा मी काढणारच होतो गुपचूप."

लुत्सिनाला आधी काय वाटलं तेही सांगायला हवं. वाटलं की तुकडा टाकून द्यावा आणि वाढावा. कोणाला कळणार? इतका चांगला बिगोस तिच्याकडून कधी झाला नव्हता, आणि मुलीनं तो चाटूनपुसून खाल्ला असता. पण एकदा चरबी प्यायलेला कोबी ती परत ओकत नाही. तेवढ्यात बेल वाजली.

तिनं पळी हातात घेऊनच दार उघडलं. यागोदाचा एक बूट अजून पायात होता, तेवढ्यात आईनं सांगून टाकलं.

"बिगोस खाऊ नकोस. तुझ्या बापानं त्यात बेकन टाकलंय. बाकी सगळं माझ्या हातचं आहे, त्यात काही नाही. शपथ घेत नाही. मागे घेतली होती ती तुला माहीत आहे."

यागोदानं बापाकडे पाहिलं. बाप स्वतःच्या सपाता बघत होता.

"बाबा, किती टाकलंस?"

"बोटभर."

"कोणाचं बोट?"

त्यानं अंगठा वर केला. चांगला गाजराएवढा अंगठा. यागोदाला हसू फुटलं, इतकं की ती बुटांच्या ढिगावरच बसली.

जेवायला बसले. डबा यागोदाच्या पिशवीतून टेबलावर आला. लुत्सिनानं मुद्दाम तिकडे पाहिलं नाही, बटाट्यांवर शेपू पेरत राहिली. बराच वेळ तो टक्क आवाज आला नाही. तिनं मान वर केली तर मुलीच्या ताटात अळंबीचा शाबोवी अर्धा संपला होता आणि दुसऱ्या हातात पिएरोगी होती.

"आई, अंडं नाही तर हे कुरकुरीत कशानं झालं?"

"हरभऱ्याचं पीठ."

"आणि हे सारण? हे तर पनीरच आहे!"

"तुझ्या बापाच्या मते भिंत लिंपायचा गिलावा आहे."

"ते आधीचं!" झेनॉन म्हणाला आणि काटा घेऊन शाबोवीकडे वळला.

लुत्सिनानं त्याचा हात अडवला. "तू बिगोस खायचा. अख्खं पातेलं. बुधवारपर्यंत."

"ही शिक्षा आहे?" त्यानं ताट भरून घेतलं. चेहऱ्यावर अशी तृप्ती, की शिक्षेची लाज वाटावी. तरी मधूनच मुलीच्या ताटातला एक काप त्यानं पळवलाच, आणि चावताना भुवया वर गेल्या.

लुत्सिना शेवटी बसली. घास सुखानं उतरत होता. पण तिला एवढ्यावर भागवायचं नव्हतं. प्रत्येक सणाला फोनवर "बघू आई" ऐकून तिचे कान किटले होते.

"ईस्टरला येणार आहेस का?" तिनं विचारलं.

"बघू आ..."

"बघू नको. मला सणाच्या आंबट सारासाठी पीठ आंबवायला घालायचं असतं. रिकाम्या हातानं येणार की डबा घेऊन? तोंडातलं गीळ आणि सांग."