धनुबाईचा अनवट

धनुबाईच्या उजव्या पायाचा अंगठा दहा वर्षांत शेजारच्या बोटावर जो चढून बसला, तो काही केल्या उतरेना. मुळाशी लिंबाएवढं लालभडक हाड वर आलेलं. लोणखेड्याच्या वैद्यानं शेक दिला, लेप दिला आणि शेवटी नशीब म्हणून हात झटकले. त्याचं काय जातं म्हणायला! इकडं चुलीपासून परसापर्यंत जायलाही धनुबाईला भिंत धरावी लागे, आणि दर पावलाला ती अशा शिव्या हासडी की गोठ्यातली म्हैससुद्धा मान फिरवी.

नंदुरबारच्या डॉक्टर टिपणिसांनी मात्र पाय हातात घेऊन नीट पाहिला. पस्तीस सालची गोष्ट.

"वाढलेलं हाड कापून अंगठा सरळ बसवू. दीड महिना प्लास्टर. मग चालाल. पण आताच. सांधा पुरता आखडला की माझ्याही हातात काही नाही." मग त्यांनी अंगठ्यातल्या चांदीच्या अनवटाकडं बोट केलं. "हा आधी काढायचा."

झालं! धनुबाईचा नवरा नवल पाटील ताडकन उठला. लग्नात पायात घातलेला अनवट बाई उतरवते ती नवऱ्याची तिरडी उचलल्यावर.

"मी आजून मरेल नही, डॉक्टरसाहेब!"

"तुम्हना जीव काय मन्हा आंगठामा शे?" धनुबाई उसळली. "तीस वरीस दोन येळ भाकरी मी खावाडस, म्हनीसन जित्ता शेतस तुम्ही. चांदीवर नही!"

नर्स तोंडाला पदर लावून हसली. नवल हसला नाही. वहिनीचं जोडवं गोमाई नदीत हरवलं आणि आठव्या दिवशी त्याचा थोरला भाऊ गेला होता. भाऊ दारूनं गेला हे अख्ख्या गावाला ठाऊक. नवलच्या मते जोडव्यानं.

"घर चाल," तो म्हणाला.

धनुबाई फणकाऱ्यानं निघाली आणि दवाखान्याच्या दुसऱ्याच पायरीवर कोसळली. उठता येईना. आता जन्मभर असंच भुईवर सरकत जायचं, हे तिला तिथं बसल्याबसल्या कळलं, आणि शिव्या देण्यात हयात गेलेली ती बाई ढसाढसा रडू लागली. नवलनं तिला आधार देऊन वॉर्डातल्या खाटेवर बसवलं. मग पेठेत जाऊन सुकलाल सोनाराला घेऊन आला.

सोनारानं एरंडेल चोळलं, दोरा गुंडाळला, ओढलं. अनवट हलेना. कापायचं म्हटल्यावर त्यानं कानाला हात लावला.

"सवाष्णीच्या पायातलं मी कापणार नाही, पाटील. ज्याच्या नावाचं लेणं, त्यानंच कानस चालवावी."

कानस देऊन तो बाजूला झाला. नवल पाटील वॉर्डात फरशीवर बसला आणि बायकोचा पाय मांडीवर घेऊन घासू लागला. पाटलाच्या मांडीवर बायकोचा पाय! दुखणेकरी खाटांवरून उतरून तमाशा पाहायला गोळा झाले. नवलच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"अर्धा कापाई गया," धनुबाई म्हणाली. "अर्धा मरनात का तुम्ही?"

"छातीमा धडधड व्हई ऱ्हायनी."

"म्हनजे जित्ता शेतस. घसा!"

अनवट तुटून फरशीवर पडला. नवलनं डोळे गच्च मिटून घेतले, मग एक उघडला. काही झालं नव्हतं. तरी तो व्हरांड्यात जाऊन उपरणं तोंडावर ओढून आडवा झाला. मरण आलंच तर शोधाशोध नको.

धनुबाईला टेबलावर घेतलं. नाकावर क्लोरोफॉर्मचं फडकं आलं आणि तिला व्हरांड्यात पडलेला नवल आठवला. खरंच काही झालं तर? घसा, घसा म्हणून मागं लागली ती आपणच. थांबा म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण जीभ जड झाली होती.

डोळे उघडले तेव्हा पाय पांढऱ्या प्लास्टरमध्ये होता. डॉक्टर खुशीत म्हणाले, "बघा बाई, अंगठा कसा सुतासारखा सरळ!"

"आमना पाटील जित्ता शेतस का?"

"बाहेर बसलेत. दोन पुडे भजी झालीत, तिसरा चालू आहे."

"त्यासले आठे बलावा. माले देखू द्या."

नवल तेलकट हात धोतराला पुसत आत आला. धनुबाईनं सगळ्या वॉर्डादेखत त्याचं मनगट धरलं आणि भोकाड पसरलं. पायाकडं तिनं अजून पाहिलंही नव्हतं.