तेराशे चाळीसचा छेद

नम्रताने तिसऱ्यांदा तीच कळ दाबली आणि पडद्यावरचा रस्ता पुन्हा त्याच जागी फाटला.

हिरव्या रेघांचा रस्ता. हमरस्त्याच्या फाट्यापासून निघून तो खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारशेत गावाच्या बांधावरून निमूट चालत येई, दर वीस मीटरला रस्ता आडवा कापून दाखवणारा एक छेद, छेदामागे छेद, माळेत ओवल्यासारखा. तेराशे चाळीस मीटरवर आला की मात्र त्याचा डावा काठ तुटून खाली लोंबे, आणि पडद्याच्या तळाशी लाल अक्षरं उमटत. त्यांचा अर्थ एवढाच होता, की भरावाचा उतार जमिनीला मिळत नाही.

खालच्या मजल्यावर गणपतींचा कारखाना होता. तिथली पांढरी भुकटी जिन्याने वर येई आणि कळफलकात बसे. एखादी कळ अडकली असेल म्हणून तिने तो उलटा करून झटकला. रस्ता फाटलेलाच राहिला.

"अजून तिथंच?" हरेशसाहेबांनी दारातूनच विचारलं.

रामवाडीतल्या या दोन खोल्यांच्या कचेरीचे ते मालक. संगणक त्यांनी गेल्या वर्षी, सत्त्याण्णव साली घेतला, आणि तो चालवायला नम्रताला ठेवलं. त्यांना स्वतःला तो येत नव्हता. म्हणून असेल, त्याच्यासमोर ते जरा मोठ्यानेच बोलत.

"एक छेद जुळत नाहीये, सर."

"एकूण किती?"

"एकशे सहा."

"एकशे पाच जुळले ना? मग त्या एकाला पुसून टाक. आजूबाजूचे दोघं धरतील एकमेकांचा हात. तीन वाजता जीप रोह्याला निघणार. ठेकेदार नकाशांसाठी खोळंबलाय. सोमवारी बांधावर मुरूम पडायला लागतो, मागनं रोलर."

"पुसते सर. पण चूक कुठे झाली ते..."

"चूक कुठे ते मला विचार. जनूची. म्हातारा स्टाफ धरून उभ्या उभ्या झोपला असेल. आता घरी बसवतो त्याला."

ते जेवायला गेले. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज मध्येच थांबला आणि पुन्हा सुरू झाला. जनू मधल्या पायरीवर बसलेला असे. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो अंग चोरून वाट देई.

नम्रता एकेक गोष्ट तपासत गेली. रस्त्याची मधली रेघ बरोबर होती. रुंदी बरोबर. उताराचं माप बरोबर. प्रत्येक 'बरोबर'नंतर तिला हायसं वाटायला हवं होतं. उलट ती पुढची गोष्ट आणखी सावकाश उघडत होती. अंधाऱ्या खोलीत एकेक दार ढकलून बघावं, प्रत्येक उघडं निघावं, आणि शेवटी एकच बंद उरावं, तसं. तिने जमिनीच्या उंचीचे आकडे लिहिलेली वही, लेव्हल बुक, काढली. मोजणीदार अक्षयचं तिरपं अक्षर. तेराशे वीस : दोन पूर्णांक चौऱ्याऐंशी. तेराशे साठ : दोन पूर्णांक एकोणऐंशी. आणि मधे तेराशे चाळीसला, डाव्या अंगाला : एक पूर्णांक एकतीस. टंकताना तिची चूक झाली नव्हती. वहीतच जमीन दीड मीटर खाली गेली होती.

"जनूकाका," तिने हाक मारली. "वर येता जरा?"

तो आला. साठीचा, उन्हाने आणि मिठाने वाळलेला माणूस. मिठागरात वाढला, आणि तीस वर्षं मोजणीत स्टाफ धरतोय. चार मीटरची ती आकडे रंगवलेली पट्टी तो कचेरीतही भिंतीला न टेकवता हातात उभी धरून राही. आजही तशीच धरली होती.

"तेराशे चाळीसला स्टाफ तुम्हीच धरला होता ना?"

"आनि कोन धरनार?"

"तिथे खड्डा आहे?"

"नाय."

"मग दीड मीटर खाली कसं गेलं?"

"चुकला आसंल मी. पुसून टाक गो बाय."

गेल्याच महिन्यात अक्षयने आकडा दोन सुतांनी चुकीचा वाचला, तेव्हा याच माणसाने त्याला भर उन्हात खाडीपलीकडून माघारी आणलं होतं. माझ्या हातात इस्टाफ आसताना आकडा खोटा पडंल? असं सगळ्यांसमोर विचारलं होतं. तोच आता 'चुकला आसंल' म्हणत होता, आणि त्याचा अंगठा पट्टीवरच्या एकाच काळ्या आकड्यावरून वर-खाली फिरत होता.

"साहेब काय म्हणाले ते ऐकलंत तुम्ही जिन्यात."

"आयकला."

"घरी बसवतील तुम्हाला."

"बसवू दे. घर हाय ना बसायला."

हे तो हसत बोलला, पण 'घर' म्हणताना त्याचा अंगठा थांबला.

"बरं," ती म्हणाली. "पुसते."

तिने ती ओळ निवडली. ओळ पांढरी झाली. आता एक कळ, की तेराशे चाळीस जगात कधी नव्हताच. मागे जनूचा श्वास ऐकू येत होता. तो स्टाफ धरून हळूच खाली बसला.

"पुसला का?"

"नाही अजून."

"मग पुस ना गो! कशाला जीव काढतंस?"

"तुम्ही इकडे बघा. मग पुसते."

त्याने बघितलं नाही. खालून कारखान्यातल्या पोरींचं हसणं वर आलं आणि विरलं. घड्याळात सव्वादोन झाले होते.

"तुझा गाव कोलाडकडं ना?" जनू म्हणाला. "भाताची जमीन, खाली खडक. तुम्ही पाय ठेवलात का ठेवलात. आमच्या खाजनात तसा नाय. तिथं इस्टाफ उघडा ठेवला तर चिखल गिलतो त्याला. म्हनून खाली फली ठेवायची. आंब्याची, हातभर. फलीवर इस्टाफ. मंग आकडा निगतो."

"हे अक्षयला माहीत आहे?"

"अक्षय लांब दुर्बिनीत बघतो. त्याला आकडं दिसतात. फली मी ठेवतो."

"मग तेराशे चाळीसला?"

जनूने अंगठा आकड्यावरून उचलला.

"तिथं काढली."

"फळी काढली? का?"

"बांधाचा मी काय बोलनार नाय." त्याने मान जोरात हलवली. "गावाची बैठक झाली. सगल्यांनी मिठावर हात ठेवला, बायकांनी सुदा. बांधाचा कोनी बोलायचा नाय. बोललास तर रस्ता पल्याडच्या गावाला जाईल. वीस वर्सांनी आलाय रस्ता. मी पन ठेवला हात. आमच्यात मिठावर ठेवलेला हात मागं घेत नाय, बाय. म्हनून मी फलीचा बोलतो. मी फली काढली. इस्टाफ नुसता टेकवला, जोर नाय लावला. तो गेला आपला आपन."

"किती?"

त्याने हात कंबरेशी नेला. मग, थोडा विचार करून, छातीशी.

नम्रताने वही पुन्हा जवळ ओढली. म्हणजे वहीतला तो एकच आकडा तेवढा उघड्या मातीवरचा होता.

"काका," तिने अगदी हळू विचारलं, "बाकी सगळीकडे?"

"बाकी सगलीकडं फली."

ती पडद्याकडे वळली. मूळ मोजणीला हात न लावता तिने तिची एक प्रत काढली आणि नऊशेपासून सतराशेपर्यंत, जिथवर रस्ता बांधावरून जात होता तिथवर, प्रत्येक आकड्यातून दीड मीटर वजा केला. फळीशिवाय. मग कळ दाबली.

संगणक थोडा वेळ गुरगुरला. मग लाल ओळ आली. तिच्याखाली दुसरी. मग त्या एकीमागून एक येतच राहिल्या. उतार जमिनीला मिळत नाही, उतार जमिनीला मिळत नाही. हिरव्या रेघा फाट्यापासून निघाल्या, नऊशेवर पोचल्या आणि थांबल्या. पुढे आठशे मीटर काळा पडदा. पार पलीकडे, सतराशेनंतर, रस्ता पुन्हा सुरू झाला होता. एवढं मोठं अंतर मध्ये आहे याची त्याला जणू गंधवार्ताच नव्हती.

हरेशसाहेब पान चघळत वर आले आणि दारातच थबकले.

"हे काय करून ठेवलंस? रस्ता कुठाय?"

"सर, वहीतले आकडे फळीवरचे आहेत."

"मग? खाजणात फळी ठेवावीच लागते. मी ठेवलीय, माझ्या वडलांनी ठेवलीय."

"फळी काढली की स्टाफ छातीइतका खाली जातो. बांधाच्या माथ्यावर, सर. रोलर आठ टनांचा."

त्यांचं पान चघळणं थांबलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, आणि या खेपेला त्याच्याशी मोठ्याने बोलले नाहीत.

"जनू. खेकडे लागलेत का बांधाला?"

जनूने खाली पाहिलं.

"अरे, मी विचारतोय. पोकळ झालाय का?"

जनूने ओठ घट्ट मिटले. हरेशसाहेबही खाडीकाठचेच होते. ज्याच्या हातात स्टाफ असताना आकडा खोटा पडत नाही, तो माणूस 'नाय' म्हणत नव्हता.

खाली जीपचा हॉर्न वाजला. दोनदा.

"ठेकेदार माझा गळा धरेल," ते पुटपुटले. मग खिडकीतून वाकून ओरडले, "थांब रे! नकाशे नाही जायचे. मीच येतोय." आणि वळून म्हणाले, "तो फाटलेला कागद छापून दे मला. आहे तसा. आणि जनू, तुझं नाव मी कुठे घेणार नाही."

प्रिंटर करकरू लागला. कागद घेऊन ते गेले. आज जिन्यात कुणाला वाट द्यावी लागली नाही.

जनू उठला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने स्टाफ भिंतीला टेकवला आणि पडद्याजवळ आला.

"आता गावात मला कोन पानी देनार नाय," तो साधेपणाने म्हणाला. "घरवालीला, पुतलीला, तर बायका इहिरीवर पन उभी करनार नाय." मग डोळे बारीक करून त्याने काळ्या आठशे मीटरांकडे पाहिलं. "यात आमचा गाव कुठं हाय गो बाय?"

"गाव यात नाही, काका. रेघेच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा मीटरच मोजलंय."

"तरी पन. भरतीच्या पान्याच्या खाली हाय आमचा गाव. कुठं येईल?"

तिने अंदाज घेतला. मग बोट काचेच्या बाहेर नेऊन पडद्याच्या खालच्या कोऱ्या चौकटीवर ठेवलं.

"इथे कुठेतरी."

जनू वाकून पाहत राहिला. त्याने मान हलवली, तिचं बोट आपल्या खरखरीत बोटांत धरलं आणि दोन इंच आणखी खाली सरकवलं.