बॉल अजून हवेत आहे

पेनल्टीला मारलेला बॉल अजून खाली आलेला नाही.

तो बारच्या वरून गेला, यात वाद नाही. मी स्वतः पाहिलं. कोल्हापुरात फुटबॉलची मॅच असली की माइक माझ्या हातात असतो. मैदानाच्या कडेला मचाणावर बसून मी धावतं वर्णन करतो आणि कर्ण्यांतून ते पेठापेठांत ऐकू जातं. फायनलचं शेवटचं मिनिट होतं. कामठीचा संघ एका गोलनं पुढे होता आणि आम्हाला पेनल्टी मिळाली होती. "दिग्विजय आला, मारला, आणि बॉल बारच्या वर!" एवढं बोलून मी पुढचं वाक्य तोंडात तयार ठेवलं आणि बॉल पडायची वाट पाहिली. बॉल वर गेला आणि वरच राहिला. रेफरींनी तोंडाशी नेलेली शिट्टी खाली घेतली. बॉल हवेत असेपर्यंत मॅच चालू, असं ते म्हणाले, आणि भांडणात पटाईत असलेल्या आमच्या गावाला त्यात खोट काढता आली नाही.

मॅच चालू म्हणजे आपण हरलेलो नाही. हा कप आमच्याकडे कधीच आला नाही. दरवर्षी आमचं गाव गुलाल विकत घेतं आणि दरवर्षी पोती तशीच बांधून ठेवतं. यंदा निदान पोती बांधावी लागली नव्हती.

तेव्हापासून गाव मान वर करून जगतं. भेटल्यावर नमस्कार कुणी करत नाही. "हाय का वर?" असं विचारतात आणि समोरचा "हाय की" म्हणतो. माना अवघडल्या, पण दाढी करणाऱ्यांचं काम सोपं झालं. दिग्विजयचा उजवा पाय मारल्यापासून खाली आलेला नाही. त्याच्या आईनं पायाखाली स्टूल ठेवलं आहे आणि ती त्याला मैदानातच भरवते. त्याच्याशी कुणी वाईट बोलत नाही, कारण त्यानं अजून पेनल्टी घालवलेली नाही.

मला कुणी विचारलं तर मी सांगतो, "दोन्ही बारच्या वर हाय." दुसरा बार चौकात आहे. माझा थर्मास तिथंच भरला जातो. त्यात चहा नसतो हे गावाला ठाऊक आहे, पण थर्मासला मान असतो, बाटलीला नसतो.

फायनलच्या दिवशी सकाळी माझी बायको शालन तो थर्मास हातात घेऊन उभी राहिली होती.

"हे कवा सुटणार?"

"आजची फायनल होऊ दे," मी म्हणालो. "मॅच संपली की थेंब घेणार न्हाई."

"शपथ?"

"फुटबॉलची शपथ."

माझ्या बाकीच्या शपथांवर तिचा विश्वास उरला नव्हता. फुटबॉलच्या शपथेवर तिनं ठेवला. पुढे आठवडा गेला, थर्मास भरतच राहिला, आणि तिनं विचारल्यावर मी वर बोट दाखवलं. "मॅच कुठं संपलीया?"

शालननं वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पिशवी भरली.

"संपली की येते," ती म्हणाली. "तवर ह्या उंबऱ्याच्या आत पाऊल न्हाई टाकायची." आणि मुरगूडला माहेरी गेली.

ती गेल्यापासून स्वयंपाकघर लांब गेलं. आधी बाहेरच्या सोप्यातून चार पावलांत पोचता यायचं. आता चहा करून बाहेर आणेपर्यंत तो निवतो. तिच्या चटणीची बरणी फळीवर आहे हे मला इथून दिसतं, पण तिथं जाऊन यायला अर्धी दुपार लागते. मी जातो. झाकण उघडून वास घेतो आणि परत येतो. चटणी संपवायची हिंमत होत नाही.

घरात मी एकटा नाही. कामठीच्या संघाचा गोलकीपर मेश्राम माझ्याकडे राहतो. त्याचे बाकीचे खेळाडू रजा संपली म्हणून गेले, पण गोलात कुणीतरी हवंच. परगावचा माणूस उपाशी ठेवायची आमच्या गावाची पद्धत नाही, म्हणून त्याला रोज कुठल्या ना कुठल्या घरातून तांबडा रस्सा येतो. तो घाम पुसत पुसत खातो. हातमोजे मात्र काढत नाही.

एकदा मचाणावर तो माझ्या शेजारी बसला होता. मी थर्मासमधून एक घोट घेतला. मेश्राम वर बघत होता.

"भाऊ, तुम्ही घोट घेतला का बॉल वर जाते."

"काहीतरीच."

"म्या पाहून राह्यलो ना. माह्याकडं दुसरं कामच काय आहे? तुम्ही सकाळी उशिरा उठता, तवा तो खाली राह्यते. शिवण दिसते त्याची. मग तुम्ही घेता आन् तो चालला वर." वरची नजर न काढता तो म्हणाला, "नोका पिऊ ना भाऊ. माही पोरगी शाळेत जाऊ लागली असंन आता."

मला त्याची दया आली. म्हणून मी आणखी एक घोट घेतला, आणि दोघांनीही बॉल वर सरकताना पाहिला. मग माझं लक्ष माइककडे गेलं. माइक चालू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर बाटल्या मांडलेल्या होत्या. काहींना हळदकुंकू लावलेलं होतं. तालमीतले पैलवान, ज्यांनी आयुष्यात दुधाशिवाय काही ओठाला लावलं नाही, ते ओशाळून उभे होते. "घ्या की वाईच, मानसिंगराव," ते म्हणाले. "गावासाठी घ्या." ज्या डॉक्टरांनी माझ्या यकृताचा फोटो उजेडात धरून मला झापलं होतं, ते वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली घेऊन आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "औषध समजून."

मी घेतली. खोटं कशाला बोलू, ते दिवस सुखाचे होते. पिणाऱ्याला घरात शिव्या आणि बाहेर टोमणे मिळतात. मला लोक हात जोडत होते. बॉल ठिपक्याएवढा झाला, मग मोहरीएवढा. गाव निर्धास्त झोपू लागलं. मेश्राम तेवढा माझ्याशी बोलेनासा झाला. तो भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि हातमोजे घातलेल्या हातांनी टाळी वाजवायचा, गोलकीपर पेनल्टीआधी वाजवतात तशी.

मग मुरगूडहून फोन आला.

"इथनं बॉल दिसंना झालाय," शालन म्हणाली.

"तू बघतीस?"

"रोज माडीवर जाते. खाली आलेला दिसला की वाटायचं, आज ह्यांनी कमी घेतलीया. त्या दिवशी मला घास गोड लागायचा."

"तुला ठाऊक होतं?"

"बायकोला कळतंय. मेश्रामभाऊंनी माइकवर सांगायच्या आधीपासनं ठाऊक हाय." फोनमधून तिच्या माडीवरचा वारा ऐकू येत होता. "आता मला तिथलं काहीच दिसत न्हाई. तुम्ही हाय का न्हाई, तेबी कळंना."

"शालन, ये की."

"मॅच संपू दे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी बाटल्या मोरीत ओतल्या. शौर्य म्हणून सांगत नाही. ओतताना मी रडत होतो आणि त्यातलं किती शालनसाठी आणि किती त्या मोरीत जाणाऱ्या मालासाठी, ते मला सांगता येणार नाही. मग थरथर सुरू झाली. चादर भिजायची. भिंतीवरून मुंग्या उतरून माझ्या हातावर फिरायच्या आणि मेश्राम म्हणायचा की मुंग्या नाहीत. तो हातमोज्यांच्या हातांनी माझे दोन्ही हात दाबून धरायचा. चांगला गोलकीपर होता. सुटू द्यायचा नाही.

बॉल खाली येऊ लागला. आधी मोहरी, मग ठिपका, मग शिवण दिसू लागली. गावात आकांत झाला. लोक दारावर थापा मारून ओरडायचे, "एक घोट घ्या ओ! गावाचं वाटोळं करू नका!" मी उशी कानावर दाबायचो. शेवटी तालमीतल्या एका म्हाताऱ्या वस्तादांना सुचलं. बॉल पडणारच असेल तर पडू दे, पण गोलात पडू दे. गोलात पडला तर बरोबरी होईल, बरोबरी झाली की जादा वेळ मिळेल, आणि मॅच पुढे चालू राहील.

दुपारी बॉलची सावली माझ्या दाराशी पडत होती, म्हणजे तो तिथंच पडणार होता. मांडववाल्यांनी मैदानातला गोल उपटला आणि माझ्या घराला आणून लावला. एक खांब पिठाच्या गिरणीला टेकवला, दुसरा शेजाऱ्यांच्या न्हाणीला, आडवा बार माझ्या दारावरून नेला, आणि मचाणावरचा माइकही वायर ओढून मला आणून दिला. रेफरींनी जागा पाहिली आणि होकार दिला. मग पांढरी फक्की घेऊन एक माणूस आला आणि त्यानं गोलची रेष थेट माझ्या उंबऱ्यावर मारली. उंबऱ्याच्या आत म्हणजे गोल. उंबऱ्याच्या बाहेर म्हणजे आपण हरलो आणि मॅच संपली.

त्या दिवसापासून दारात बाटल्यांच्या जागी दूध येऊ लागलं. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी पिळून लोक तांबे घेऊन पळत यायचे, फेस बसायच्या आत. "पिऊ नका आता, मानसिंगराव. खाली येऊ दे. गोल झाला पाहिजे!" डॉक्टर येऊन माझी नाडी बघायचे आणि बाहेर जाऊन गर्दीला आकडे सांगायचे. मला याचा फार राग आला. पिणं गावाचं झालं होतं तेव्हा बरं वाटलं होतं. आता न पिणंही माझं उरलं नव्हतं.

पण स्वयंपाकघर जवळ येत होतं. एका सकाळी मी उठून आत गेलो आणि चहा घेऊन आलो, तर चहा गरम होता. कप हातात स्थिर होता. मेश्राम म्हणाला, "भाऊ, आज येते तो."

बॉल आला. शिट्टीसारखा बारीक आवाज करत, बारच्या अगदी खालून, आणि माझ्या उंबऱ्यावर पडला. उसळला नाही. पडला तिथंच बसला, पांढऱ्या रेषेवर, अर्धा आत आणि अर्धा बाहेर. मैदानावर दिग्विजयचा पाय स्टुलावरून घसरून जमिनीला टेकला, असं मला नंतर सांगितलं.

रेफरी वाकून पाहू लागले. गल्ली माणसांनी भरली होती आणि कुणी खोकत नव्हतं.

"रेषेवरचा गोल नाही," रेफरी म्हणाले. "आउटही नाही. पाय लागल्यावर बघू."

मी आत होतो. माझा पाय लागला तर बॉल बाहेरच जाणार. एक लाथ, आणि मॅच संपली. शालन घरी आली असती. मी पाय उचलला आणि गल्लीकडे पाहिलं. गिरणीवाला, डॉक्टर, वस्ताद, आणि गुलालाच्या पोत्यांवर बसलेली माणसं, ज्यांचे बाप त्याच पोत्यांवर बसून म्हातारे झाले होते. सगळे माझ्या पायाकडे बघत होते. मी त्यांच्यातलाच होतो. मलाही तो कप हवा होता. माझा पाय तसाच अधांतरी राहिला.

तेवढ्यात गर्दीनं वाट करून दिली. शालन पिशवी घेऊन येत होती. बॉल अगदी खाली आलेला पहाटेच माडीवरून पाहिला आणि पहिल्या एसटीत बसली, हे तिच्या धुळीनं भरलेल्या केसांवरून कळत होतं. ती उंबऱ्यापाशी थांबली. आमच्या दोघांच्या मध्ये बॉल होता. लग्नात याच जागी तांदळानं भरलेलं माप ठेवलं होतं आणि तिनं ते उजव्या पायानं आत लवंडून घरात पाऊल टाकलं होतं.

गर्दीतल्या बायकांना तेच आठवलं असावं. कुणीतरी ताटात निरांजन लावून आणलं. "उजवा पाय, वैनी!" मागून एक बाई म्हणाली, आणि मग सगळी गल्ली म्हणू लागली, "उजवा पाय! उजवा पाय!"

शालननं माझा चेहरा पाहिला. हात पाहिले. मग माझा उचललेला पाय पाहिला.

"किती दिवस झालं न घेता?"

"मोजलं न्हाईत. मोजलं की घ्यावीशी वाटती."

तिचे डोळे भरले. "मग मारा की भायेर. संपू दे."

"शालन, तू पाहिजेस मला," मी म्हणालो. "दुसरं काय बी नको." हे माइकवर गेलं, कारण माइक माझ्या हातात होता आणि नेहमीप्रमाणे चालू होता. माझा पाय मात्र हलला नाही.

"तुम्हाला न्हाई जमायचं," शालन म्हणाली. रागानं नाही. "सरका."

मी बाजूला झालो. तशी तिला माझ्या मागं उभा असलेला मेश्राम दिसला. तो पुढे येऊन रेषेला भिडला, गुडघे वाकवलेले, हात पसरलेले, दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यानं अडवला तर आम्ही हरलो, तो कामठीला गेला आणि शालन घरात आली. सुटला तर गुलाल उडणार होता आणि मॅच पुढे चालू राहणार होती.

"भाऊ, तयार हाय का?" शालननं विचारलं.

"तयार आहो जी, वहिनी," मेश्राम म्हणाला आणि त्यानं टाळी वाजवली.

रेफरींनी शिट्टी तोंडाला लावली. मी माइक ओठांजवळ नेला. शालननं पिशवी खाली ठेवली, पदर खोचला, आणि उजव्या पायातली चप्पल काढून बाजूला सारली.