समोरचा, मानाचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. मिसिसिपीकाठच्या एका लहानशा गावात, विटांच्या रस्त्यावरच्या एका घराचे मी तोंड आहे. ऑटो व्हॉसबर्ग नावाच्या जर्मन सुताराने मला ओकच्या फळ्यांतून घडवले, वर रंगीत काच बसवली आणि मिशांवरचा भुसा झटकत तो म्हणाला, "आता लोक घराआधी याला बघतील!"

तसेच झाले. लोक थांबून माझे फोटो काढतात. नाताळात माझ्या गळ्यात हिरवी माळ पडते. मला नुसता रंग द्यायचा तरी गावच्या वारसा समितीला विचारावे लागते. एवढा माझा तोरा! पण खरे सांगू? मला उघडत मात्र कुणी नाही. नवरी आणि शवपेटी तेवढी माझ्यातून जाते. बाकी सारे गाव मागच्या, स्वयंपाकघराच्या दाराने ये-जा करते. तिकडून हसणे ऐकू आले, कॉफीचा वास आला की माझा जीव नुसता टांगणीला लागे. काय बरे चालले असेल?

व्हॉसबर्गांची शेवटची नात म्हातारी होऊन लेकीकडे गेली आणि घर तमाराने घेतले. ती शिकागोहून आलेली गाण्याची शिक्षिका. मला पाहताच म्हणाली, "हेच घर!" मला आकाश ठेंगणे झाले. ती रोज माझ्यातूनच ये-जा करी. मागच्या दाराला तर तिने चक्क भांड्यांचे कपाट लावून टाकले. मी मनात म्हटले, बरी जिरली त्याची!

पण महिने गेले, मला कुणी ठोठावले नाही. संध्याकाळी तमारा पियानो वाजवी, मग दोन कप मांडून माझ्या काचेतून रस्ता बघे. हिवाळा सरेपर्यंत तिने दुसरा कप मांडणे सोडले. वसंतात अंगणात 'विकणे आहे' अशी पाटी रोवली गेली. मला फार वाईट वाटले.

त्याच दुपारी शेजारची डेल्मा धापा टाकत पायऱ्या चढून आली. हातात झाकलेले गरम भांडे होते.

"अगं, घर विकतेस? आमचं काय चुकलं?"

"तुमचं? एवढ्या दिवसांत कुणी दारसुद्धा ठोठावलं नाही!"

"ठोठावलं नाही? माझी बोटं दुखली! मागून किती वेळा आले. तू आपली पियानो बडवत बसलेली. शेवटी हार्लन म्हणाला, पोरीनं दाराला कपाट लावलंय, आपलं तोंड बघायचं नाही तिला. चल घरी."

"पण समोर दार आहे ना!"

"समोरून? समोरून पाद्री येतो, नाहीतर झाडू विकणारा. शेजारी कधी समोरून येतो का, बाई?"

तमारा हसायला लागली आणि हसता हसता रडली. डेल्माने आपल्या नवऱ्याला, हार्लनला हाक मारली. त्याने कपाट सरकवले, निघताना इथले लोक मारतात तशी मांडीवर थाप मारून "बरं तर, निघतो" म्हणाला आणि मागच्या उंबऱ्यात अंधार पडेपर्यंत बोलत उभा राहिला. जाताना पाटी उपटून घेऊन गेला.

मित्रांनो, तुमच्या गल्लीत नवे कुणी आले, तर आपल्याकडची रीत त्यांना आधी सांगा. बिचाऱ्यांना ती कशी कळणार? आणि माझ्यासारख्यांच्या बिजागऱ्यांना अधूनमधून थेंबभर तेल घाला. आम्हीही घरचेच आहोत.

काल कुणी अनोळखी पाहुणा आला. त्याने मला ठोठावले, तेव्हा मी केवढा हरखलो! तेवढ्यात हसण्याच्या गलक्यातून तमाराचा आवाज आला, "मागून या हो, उघडंच आहे!"