जावयाची जागा

थोरल्या जावेने परीक्षानळी पाण्यातून उचलली, तिरपी केली, पुन्हा बुडवली, पुन्हा तिरपी केली. आतल्या द्रवात बारीकसा तंतू धरला आणि तिचा अंगठा स्टॉपवॉचवर पडला. शेजारच्या स्टुलावर धाकटी जाऊ डाव्या हाताने तेच करत होती. गरम पाण्याचा बाथ दोघींत एकच होता, पण कोपराला कोपर लागणार नाही याची दोघी डोळ्यांत तेल घालून काळजी घेत होत्या.

काम रिएजंटचा आकडा ठरवण्याचं. रक्तद्रवात हे रिएजंट टाकलं की गुठळी किती सेकंदांत होते ते मोजतात. पण प्रत्येक लॉटचा जोर सारखा नसतो. म्हणून नवा लॉट एका मापाच्या रिएजंटशी ताडून बघायचा आणि येईल तो आकडा खोक्यावर छापायचा. त्या आकड्याच्या भरवशावर दवाखाने रक्त पातळ करण्याच्या गोळ्या कमी-जास्त करतात. मापाचं रिएजंट मिळायला कठीण, यायचंही थोडंथोडं. त्याचे लाड पाहून थोरलीने त्याला ‘जावई’ म्हणायला सुरुवात केली होती. सहा वर्षं ती एकटीच हे काम करत होती, आणि जावयाच्या नळ्या कायम उजव्या कोपऱ्यात, थर्मामीटरच्या शेजारी. मानाची जागा. नव्या लॉटने डावीकडे कुठेही बसावं.

धाकटी महिन्यापूर्वी कुप्या भरण्याच्या विभागातून इथे बदलून आली. यापुढे दोघींनी वेगवेगळं मोजायचं, आकडे जुळले तरच लॉट बाहेर जाणार, असा नियम निघाला होता. घरात तोंड बघायचं नाही ती बाई दिवसभर मांडीला मांडी लावून बसणार म्हटल्यावर थोरलीच्या कपाळाची शीर उडायला लागली.

साहेबांनी दोघींचे कागद शेजारीशेजारी ठेवले.

“तुमचा एक पॉइंट शून्य चार. यांचा एक पॉइंट तीन सहा. एकाच लॉटचे?”

“माझा हात सहा वर्षांचा आहे,” थोरली म्हणाली. “हिची मांडणीच उलटी. डावखुरी ना. जावई डावीकडे नि लॉट उजवीकडे.”

“दुपारपर्यंत कारण शोधा. नाहीतर लॉट फेकावा लागेल.”

साहेबांमागे दार लागलं तशी थोरली वळली.

“घरी मोजता आलं नाही, ते इथं काय येणार?”

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. वर्षापूर्वी सासूबाईंच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. हृदयात बसवलेली झडप, त्यासाठी रोजच्या रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, आणि त्या द्यायचं काम धाकटीकडे. डॉक्टरांनी त्याच महिन्यात दोनदा गोळी वाढवली होती. ते लिहिलेला कागद धाकटीने सगळ्यांपुढे धरला, पण वाचला कुणीच नाही. हिने मोजून दिल्या नाहीत, असं थोरलीने भरल्या घरात सांगितलं आणि गोळ्यांच्या डब्याला कुलूप घातलं. किल्ली तेव्हापासून तिच्या पर्समध्ये होती. सासूबाईंना आता कुणालाच हाक मारता येत नव्हती.

धाकटीने थर्मामीटर हुकावरून काढला आणि डाव्या कोपऱ्यात धरला. पारा हळूहळू उतरला.

“सदतीस हवं ना? इथे चौतीस आहे.”

थोरलीने वाकून पाहिलं. पाणी फिरवणाऱ्या नळीचं डावं तोंड पांढऱ्या क्षाराने बुजलं होतं.

“आजच झालं असेल.”

धाकटीने नखाने खरवडलं. एकाखाली एक, थर निघत राहिले.

“हे आजचं आहे, जाऊबाई?”

थंड पाण्यात गुठळी उशिरा होते, आणि रक्त जितकं पातळ तितका उशीर जास्त. जावयाच्या मानाने लॉटला जितका उशीर, तितका त्याचा आकडा लहान. थोरलीचा लॉट गारठला म्हणून तिचा आकडा लहान आला. धाकटीचा जावई गारठला म्हणून तिचा मोठा. नळी साफ करून, दोन्ही कोपऱ्यांत सदतीस बघून दोघींनी सगळं पुन्हा मोजलं. एक पॉइंट एक नऊ. एक पॉइंट दोन. त्यांच्या जागी दुसऱ्या कुणी असत्या तर हसल्या असत्या.

थोरलीने अहवालाचा कागद पुढे ओढला. कारण लिहिलं, उपाय लिहिला. खालचा रकाना होता: ‘याआधीचे बाधित लॉट’. तिथे पेन थांबलं.

खोक्यावर आकडा लहान छापला की दवाखान्यात रक्त आहे त्याहून घट्ट दिसतं. घट्ट दिसलं की डॉक्टर गोळी वाढवतात. सासूबाईंचं रक्त आपल्याच रिएजंटवर तपासतात, हे तीच येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायची.

“तुला कधीपासून माहीत होतं?”

“आत्ताच कळलं. तुमच्याबरोबरच.” धाकटीचा आवाज चिरकला. “वर्षभर मी स्वतःलाच विचारत होते, खरंच एखादी जास्त दिली गेली का म्हणून.”

रकाना कोरा सोडला असता तरी कुणाला पत्ता लागला नसता. खरवडलेला क्षार मोरीतून वाहून गेला होता. थोरलीने गेल्या वर्षीच्या लॉटचा नंबर लिहिला. तो बघायला तिला वही उघडावी लागली नाही. त्याच्याखाली सहा वर्षांतले बाकीचे सगळे लिहिले. ‘तपासणारी एकच’ असं लिहून सही केली. हा कागद साहेबांकडे गेला की या स्टुलावर आपण राहत नाही, हे तिला माहीत होतं.

मग तिने पर्स उघडली, किल्ली काढली आणि टेबलावरून धाकटीकडे सरकवली.

“घे.”

धाकटीने हात पुढे केला नाही.

“भरल्या घरात काढून घेतली होती,” ती म्हणाली. “भरल्या घरातच द्या.”

ती नळ्या धुवायला उठून गेली. थोरलीने किल्ली उचलून मुठीत धरली. सुटी व्हायला अजून तीन तास होते.