गच्चीवरची सावली

औरंगपुऱ्यातल्या त्या चार मजली अपार्टमेंटच्या गच्चीवर सोलर बसवायचं ठरत आलं, तेव्हा एकच माणूस आडवा आला, लक्ष्मणराव धारूरकर. आडवं येणं हा त्यांचा जुनाच छंद. पण या वेळी दुखणं वेगळं होतं. उभी हयात त्यांनी औष्णिक वीज केंद्रात बॉयलरवर घालवली होती. आणि इंजिनिअरिंगला असलेली नात मनस्विनी परवा जेवताना सहज बोलून गेली होती, "कोळशानंच सगळी वाट लावली, आबा." पोरगी भातावर वरण ओतून मोकळी झाली. आबांचा घास मात्र तोंडातच फिरत राहिला.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग भरली. सेक्रेटरी मंदार माहिती सांगत होता, मनस्विनी गच्चीचा नकाशा धरून उभी होती. लक्ष्मणराव उठले.

"सूर्य मावळल्यावर लिफ्ट कशावर चालवणार? काजव्यांवर?"

"तेव्हा नेहमीची वीज असतेच की, काका," मंदार म्हणाला.

"म्हणजे कोळशाचीच! दिवसभर त्याला शिव्या द्यायच्या अन् अंधार पडला की त्याच्याच दारात जायचं. पावसाची झड लागली म्हणजे कळंल. अन् ह्या काचा निकामी झाल्यावर टाकायच्या कुठं?"

प्रश्न खोटे नव्हते. तेवढ्यावर म्हातारा खाली बसला असता तर जिंकलाच होता. पण जिंकत आलेल्या माणसाला थांबायचं कळत नाही. त्यांनी हुकमाचा पत्ता काढला.

"अन् आमच्या कालिंदीनं उडदाचे पापड कुठं वाळवायचे? गच्चीवर सावली केल्यावर?"

बायकांच्या रांगेत आधी खुसखुस झाली, मग शेजारच्या मालनबाई तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. "भाऊ, उडदाचे पापड सावलीतच वाळवायचे असतात! उन्हात तडकतात ना."

लग्न झाल्यापासून पापड खात आलेला हा माणूस एकदाही गच्चीवर चढला नव्हता, हे सगळ्यांसमोर उघडं पडलं. त्यांनी आशेनं बायकोकडे पाहिलं. कालिंदीबाई उठल्या त्या थेट मंदारकडे वळून.

"दरवर्षी सावलीसाठी जुन्या साड्या ताणाव्या लागतात. वारं सुटलं की साडी एकीकडं, पापड एकीकडं. तुम्ही ते पॅनल माणूस ताठ उभं राहील एवढ्या उंचीवर बसवा. कुरडयांना ऊन लागतं, तेवढा एक कोपरा मोकळा सोडा. मग माझी काय हरकत नाय."

ठराव पास झाला. घरी मनस्विनी चहा घेऊन आली, तेव्हा लक्ष्मणराव एकदम फुटले. "तुझं खरं मानलं तर माझी सगळी नोकरी पाप ठरती की गं. नाकातोंडात राख भरून घेतली, ती काय वाट लावायला?" डोळे भरून आले, आणि त्याचाही त्यांना राग आला.

मनस्विनीला आता कुठं आपलं जेवतानाचं वाक्य आठवलं. ती त्यांच्याजवळ बसली. "चुकलंच माझं, आबा. तुमच्या विजेवरच मी अभ्यास केला. पण तुमचा तो सूर्य मावळल्यावरचा प्रश्न मला छळायलाय. उत्तर नाही माझ्याकडं. सगळं शहर एकदम दिवे लावायचं, तेव्हा तुम्ही कसं सांभाळायचात? सांगता का?"

"कोरा कागद आण," लक्ष्मणराव गुरगुरले. चहा तसाच निवून गेला.

पॅनल बसले, चांगले उंच. पापडांच्या दिवसांत लक्ष्मणराव पहिल्यांदा गच्चीवर चढले, तेही खोड काढायला. पण काचांवरची धूळ दिसली आणि बॉयलरवरचा माणूस जागा झाला. स्टुलावर चढून, ओलं फडकं घेऊन ते पुसायला लागले. तेवढ्यात ढग आला आणि शेजारी उभ्या मनस्विनीच्या मोबाईलवरचा सोलर विजेचा आकडा घसरला.

"बघ! पडली की नाय वीज कमी?" आबांना कोण आनंद झाला.

"पडली," मनस्विनी हसली. "अन् खाली पंखे कशावर चालायलेत? तुमच्याच केंद्रावर. ते भार उचलतंय, म्हणून तर आम्हाला हे करून बघता येतंय."

लक्ष्मणरावांचा हात थांबला. मग म्हणाले, "केंद्र म्हातारं झालंय गं. किती दिवस उचलंल? तुम्ही लवकर शोधा काहीतरी."

"अहो," पॅनलखालून कालिंदीबाई ओरडल्या, "काचा पुसा नायतर वाद घाला, पण पाणी पापडांवर पडायलंय!"

लक्ष्मणरावांनी फडकं घट्ट पिळलं आणि पुढची काच पुसायला घेतली.