बिनहळदीची खपली

"आजी, गाईच्या जखमेवर हळद लावलेली का तुम्ही?" शालनने लॅबच्या खिडकीतून विचारलं.

"लावली म्हंजे? चांगली थापली!" कलावती म्हातारी म्हणाली. "जखम हाय ती. मंग काय पावडर लावू, लग्नाला जाताना लावतात तशी?"

शालनने डोळे मिटले. गुरांमध्ये लम्पीची साथ आल्यापासून ठाण्यातल्या त्या लॅबमध्ये तपासायला इतक्या खपल्या आल्या होत्या, की तिला डब्यातल्या पापडाकडेही बघवत नव्हतं. आणि लॅबचा फ्रीज असला थंड, की आत टाकलेला सुस्कारा गोठून खाली पडावा. शालनचे कितीतरी सुस्कारे त्याच्या तळाशी पडून होते.

"विषाणू असला की पडद्यावर रेषा चढते, आजी. नसला तरी तपासणी नीट झाली हे सांगणारी दुसरी रेषा चढतेच. तुमच्या हळदीने दोन्ही झोपवल्या. हो पण नाही, नाही पण नाही."

"आमची चंद्री गाय हायच तशी, मधीच थांबनारी! माजिवड्याला सिग्नल लाल झाला की थांबते. हवालदार मला म्हनला, आजी, हिलाच ठेवून जा ड्यूटीवर, मी चाललो घरी."

शालन हसली. बऱ्याच दिवसांनी. "आणि वासरू?"

गुरांच्या डॉक्टरांनी रिपोर्ट येईस्तोवर वासराला आईपासून तोडायला सांगितलं होतं.

"असा हंबरतो गो, की घोडबंदरच्या टॉवरातली बाई इसाव्या मजल्यावरून खाली बघते. चंद्री तिकडं दावं ताणते. लम्पी नाय असं एकदा सांग, तशीच जाऊन सोडते त्याला."

"मग आता जखम नुसत्या पाण्याने धुवा. हळद नको, पाला नको. नवी खपली धरली की डॉक्टरांकडून काढून आणा."

"माश्या बसतील."

"हाकला."

पुढच्या आठवड्यात म्हातारी बर्फाचा डबा घेऊन आली. नखांवर हळदीचा डाग नाही, पांढरीफटक. डोळे खोल गेलेले.

"पदरानं माश्या हाकत बसले. चंद्री बघायची माझ्याकडं, जशी मीच वैरीण."

ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली. शालनने चहा पाठवला, त्यावर साय धरली. आत मशीन घुमत होतं. मग पडद्यावर तपासणी नीट झाल्याची रेषा उठली आणि तिच्याही आधी, सरळसोट, विषाणूची. शालनने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. रेषा तिथेच होती.

ती खिडकीशी आली.

"चढली काय गो?"

"चढली, आजी."

"वासरू?"

"त्याला गाठी नाहीत ना? मग लांबच ठेवा. बाटलीने पाजा."

शालन थांबली. आता म्हातारी काहीतरी सांगेल, सिग्नलचं नाहीतर टॉवरचं. गुडघ्यावर हात रोवून म्हातारी उठली, कमरेची पिशवी चाचपली आणि कागदाची एक पुडी काढली. घडीच्या कडा पिवळ्या झालेल्या.

"आता लावू ना हळद?"

"लावा, आजी."

पुडी दमट तर झाली नाही ना, हे म्हातारीने बोटाने दाबून बघितलं. मग पुन्हा कमरेला खोचली आणि रस्त्यावर जाऊन रिक्षाला हात केला.